डोंगरापेक्षा लांब बोगदा

राणीसावरगाव मागं पडलं तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं आणि सुग्रीवभावजी अजून तिसऱ्या बोगद्यात होते. पहाटे माळझरीहून निघाल्यापासून त्यांनी मला दोन बोगदे पार करवले होते. पहिला दूर घाटातला, रेल्वेचा. त्यात म्हणे दिवसा स्वतःचा हात स्वतःला दिसत नव्हता. दुसरा इतका लांब, की गाडी एका तोंडानं शिरून दुसऱ्या तोंडानं निघेस्तोवर माणसाची विडी ओढून व्हायची. तिसऱ्यातून पायी माणसं बाजाराला जायची आणि ती एकमेकांना धडकू नयेत म्हणून भावजी म्हणे तिथं कंदील घेऊन उभे असायचे.

तोच पितळी कंदील आताही त्यांच्या हातात होता. लख्ख उन्हात, विझलेला. डोक्यावर माझी वळकटी, खांद्याला त्यांचं एक गाठोडं. मी पुढं, ते मागं, आणि त्यांचे बोगदे आमच्या दोघांच्या मध्ये.

माझं माहेर सोनपेठचं. भाऊबीजेला निघाले होते. गंगाखेडला संध्याकाळची गाडी धरायची, सोनपेठच्या अंगाला उतरायचं, तिथं भाऊ बैलगाडी घेऊन येणार. आमचे हे कापूस वेचणीत अडकलेले, म्हणून सोबतीला सुग्रीवभावजी. सख्खे कोणी नव्हेत, गावच्या नात्यानं दीर. शिवाय त्या दिवसांत गावात तेवढेच एक रिकामे होते. गावानंच त्यांना रिकामं करून ठेवलं होतं. ते का, ते सांगते.

माळझरी डोंगराच्या सोंडेच्या अलीकडं आणि बारमाही झरा पलीकडं. देवानं असं का केलं हे मी त्याला कधी विचारलं नाही, पण घागर डोक्यावर घेऊन सोंडेला वळसा घालताना मनात यायचं. जायला दीड कोस, यायला दीड कोस, आणि येताना घागर भरलेली. गावातली विहीर माघातच तळ दाखवायची. सोंडेच्या माथ्यावर खंडोबाचं देऊळ. म्हणजे देव बरोबर मधोमध बसलेला. त्याला गावही दिसायचं आणि झराही.

सुग्रीवभावजी चार वर्षं रेल्वेच्या बोगद्यांवर होते. परत आले ते हा कंदील आणि ‘बोगदेवाले’ हे नाव घेऊन. नाव त्यांनीच ठेवलं होतं. चावडीत बसून ते असं बोलायचे, की पाटील व्यंकटरावांच्या तोंडातला विडा चघळायचा राहून जायचा. एक दिवस व्यंकटरावांच्या मनानं घेतलं, सोंडेतून बोगदा काढायचा आणि झऱ्याचं पाणी गावात आणायचं. ते पाणी आधी त्यांच्या केळीच्या बागेतून जाणार होतं आणि उरलं तर गावात येणार होतं, हे आम्हा बायकांना फार उशिरा कळलं.

व्यंकटरावांनी सगळ्यात आधी दगड घडवून घेतला. ‘हा बोगदा व्यंकटराव पाटील यांनी रयतेस पाणी मिळावे म्हणून बांधला.’ बोगद्याच्या नावानं एक पाटीभर माती निघाली नव्हती, तोवर दगड उभा. मग तालुक्याहून एक साहेब मुआयन्याला, म्हणजे पाहणीला, आले. डोंगराकडं पाठ करून खुर्चीत बसले, पेढे खाल्ले, अत्तराचा रुमाल नाकाला लावला, ‘बहोत खूब’ म्हणाले आणि उन्हं उतरायच्या आत गेले. मोजणी करणारं कोणी आलं नाही. आमचे बोगदेवाले असताना ते कशाला लागतंय?

दोन टोळ्या केल्या. गावाकडून पंडितची, झऱ्याकडून किशनरावची. सुग्रीवभावजींनी माथ्यावर खुंट्या ठोकून दोरी ताणली, ती थेट देवळावरून गेली. त्याच रेघेत दोन्ही तोंडांना कंदील टांगून टोळ्यांना दिशा दाखवली. मग छत्री उघडून माथ्यावर बसले आणि तिथून ओरडायला लागले, “सरळ! सरळ जाऊ द्या!”

डोंगराच्या माथ्यावरून डोंगराच्या पोटातलं दिसत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल. पण ज्याला सगळं कळतं त्याला विचारायचं कुणी?

दोन उन्हाळे खणलं. तांबडा मुरूम, टिकावाला ऐकणारा. आम्ही बायका पाट्या वाहत होतो. मी पंडितच्या टोळीकडं, सुग्रीवभावजींची बायको बायनाबाई किशनरावच्या. सोंड तीनशे हात रुंद, म्हणजे दीडशे हातांवर दोन्ही टोळ्यांनी भेटायचं. त्या दिवशी वाटायला गूळखोबरंही आणून ठेवलं. दीडशे झाले, एकशेसाठ झाले, गूळखोबऱ्याला मुंग्या लागल्या. पुढं दोन्हीकडं काळा पाषाण लागला आणि पहारी माघारी उसळायला लागल्या. तेव्हा कुणीतरी दोरी टाकून मापलं. इकडचा बोगदा एकशेऐंशी हात, तिकडचा एकशेसत्तर. आमचा बोगदा डोंगरापेक्षा पन्नास हात लांब झाला होता आणि आरपार काही नव्हतं.

त्या दिवसापासून सुग्रीवभावजींचं गावात काही राहिलं नाही. झऱ्यावर बायका बायनाबाईला म्हणायच्या, “तुझ्या मालकाला म्हनावं, आमच्या घागरीला भोक पाडून दे. तेवढं तरी जमंल.” बायनाबाईनं घरात बोलणंच टाकलं. आणि व्यंकटरावांनी चावडीत सुनावलं, “चंपाषष्ठीपातुर पानी आलं तं ठीक. न्हाई तं यात्रेत तुझ्या गळ्यात तुझाच कंदील बांधून गाढवावर बसवतो.” त्यांचा दगड तेवढा उभाच होता. रयत त्यावर ओलं धुणं वाळत घालायची, कारण झऱ्यावर धुतलेलं लुगडं गावात येईस्तोवर निम्मंच वाळायचं.

हे सगळं माहीत असूनही तो माणूस मला तिसऱ्या बोगद्याची रुंदी सांगत होता. मला राहवलं नाही.

“भावजी, गंगाखेडला मला गाडीत बसवून रातच्याला माघारी यायचं ना? मग गाठोडं कशाला? कंदील तरी कशाला?”

मागं त्यांची पावलं रेंगाळली. मग मागून आवाज आला, “बायनाला सांगू नका, वैनी. मी माघारी जानार न्हाई. रेल्वेवर जायलाव.”

“आणि ती?”

“ती काय मला बोलायलीय व्हय? मी नसलो तं तिला टोमने तरी ऐकू येनार न्हाईत.”

मला राग आला. बायको तीन कोस पाणी वाहणार आणि हे कंदील घेऊन दुसऱ्याच्या बोगद्यात उजेड पाडणार. पण मी सोबतीनं निघालेली बाई. अंतर अजून निम्मं होतं. रागाच्या भरात सोबत सोडून चालत नाही.

पुढं वाटेच्या मधोमध एक शेंदऱ्या मारुती आहे. पायवाट त्याच्या दोन्ही अंगांनी जाते आणि पुढं परत एक होते. मी माझ्या सवयीनं देवाला उजवं घालून डाव्या अंगानं निघाले. समोरून एक म्हातारबाबा घोंगडं पांघरून येत होते. तेही देवाला उजवं घालून त्यांच्या डाव्या अंगानं आले. मारुती मध्ये. त्यांनी त्याच्या डोक्यावरून मला हात जोडले, मी त्यांना जोडले, आणि आम्ही समोरासमोर येऊनही एकमेकांना न भेटता गेलो.

मागं धप्पकन आवाज झाला. सुग्रीवभावजींनी माझी वळकटी धुळीत टाकली होती.

“वैनी, परत एकडाव चाला.”

“काय?”

“मागं या आन् परत चाला. अहो बाबा! तुमीबी या जरा!”

म्हातारबाबांना वाटलं वाटमारी आहे. ते घोंगडं सावरून जे सुटले ते मागं वळून बघायला थांबले नाहीत. भावजी एकटेच मारुतीच्या इकडून तिकडं आणि तिकडून इकडं चालत राहिले. मग उकिडवे बसले आणि धुळीत काडीनं रेघा ओढायला लागले.

“पंडितची टोळी आत सरळ चालली हुती का, वैनी? तुमी पाट्या वाहायच्या. खरं सांगा.”

मी खरं सांगितलं. नाही. शंभर हात झाल्यावर पंडितनं टिकाव खाली ठेवला आणि म्हणाला, पुढं वर देव हाय, देवाच्या पायाखालनं कसं जायाचं? पाप लागंल. देवाला उजवं घालून जाऊ. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मी तर पाटी डोक्यावर तशीच ठेवून वर देवाला मनोमन हात जोडले होते. पुढं एक दिवस उजव्या अंगाच्या भिंतीतून ठक ठक ऐकू आलं. पंडित म्हणाला, देव अजून नाराज हाय, लय जवळून चाललाव आपन. तिथं नारळ फोडला आणि टोळी आणखी डावीकडं सरकली.

भावजींनी कपाळावर हात मारला. “ती किशनरावची टोळी हुती, वैनी! किशनराव काय कमी भाविक हाय? त्यानंबी देवाला उजवं घातलं आसंल. त्यालाबी उजव्याच भिंतीत ठकठक ऐकू आली आसंल. आन् त्यानंबी नारळच फोडला आसंल!”

दोन टोळ्या, दोन नारळ आणि मध्ये खंडोबा. दोन्हीकडच्या भक्तीनं एकमेकांना असं चुकवलं होतं, की बोगदा डोंगरापेक्षा लांब व्हावा. मला हसू आवरेना. हसता हसता तोंडून निघून गेलं, “पण तुम्हाला वळण दिसलं कसं नाही? एकदा जरी आत येऊन बघितलं असतं...”

भावजी हसत नव्हते.

“मी आत गेलोच न्हाई,” ते म्हणाले. “धा हातांच्या म्होरं कवाच न्हाई. मला आत दम कोंडतो, वैनी. रेल्वेवरबी मी भाईरच हुतो. तोंडाशी कंदील धरायचा, सायब मोजणीच्या काचेतून त्याच्याकडं बघून रेघ धरायचा. चार वर्सं मी नुसता कंदील धरला.”

म्हणजे ते तिन्ही बोगदे. आणि ती विडी. पहाटेपासून सहा कोस मी ज्या बोगद्यांमधून चालले होते, त्यातल्या एकातही हा माणूस शिरला नव्हता. आणि ह्याच्या शब्दावर गावानं डोंगर पोखरला होता.

उठून वाटेला लागलो. आता ते पुढं, मी मागं. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी मागं न बघताच विचारलं, “नारळ कुठं फोडला त्ये ध्यानात हाय का?”

“आहे. तिथं उजव्या भिंतीला तेलाचा डाग आहे.”

“मंग तितनं किशनरावचा बोगदा पंधरा हातांवर आसंल. जास्ती न्हाई. मधी मुरूमच. किशनरावच्या बाजूचा उतार गावाकडंच हाय. खनताना पानी आडवायला घातलेला झऱ्याच्या तोंडचा बांध फोडला की पानी चालू.”

“मग खणा की.”

“कोन खनंल? त्ये पंधरा हात देवाच्या पायाखालचेच हायत. पंडितला सांगितलं तं तो मलाच तिथं पुरंल. व्यंकटराव तं यात्रेच्या तोंडावर देवाचं नाव निघालं की हात वरच करतेत.”

मी रोज दिवा लावणारी बाई. देवाच्या पायाखाली टिकाव घालायचा, हे ऐकायलाही नको वाटत होतं. ते मी बोलून दाखवलं.

भावजी थांबले. “वैनी, देवाला आंगोळीचं पानी कोन आनतं?”

“आम्हीच. बायका.”

“कुठून?”

“झऱ्यावरून. आणि मग वर, सोंड चढून.” ते परत चालायला लागले. पुढं गंगाखेडपर्यंत त्यांनी एकाही बोगद्याचं नाव काढलं नाही.

फलाटावर मी माझं तिकीट काढलं. ते तिकिटाच्या खिडकीकडं फिरकलेही नाहीत. गाडी आली. त्यांनी माझी वळकटी आत सरकवली, गाठोडं मात्र खांद्यालाच ठेवलं, आणि खिडकीच्या गजांना धरून उभे राहिले.

“वैनी, तुमचे वडील मास्तर. त्यांच्याकडं मोठ्या अक्षराची पोथी आसंल.”

“आहे.”

“येताना ती आना. चंपाषष्ठीच्या आधीचे सहा दिवस वरल्या देवळात पोथी लावा. बायनाला घ्या, झांजा घ्या, सगळं गाव वर बसवा. पंडितला तं म्होरंच बसवा, ढोलकं द्या त्याच्या हातात. तुमी वाचायला बसला तं कोन न्हाई म्हननार न्हाई. वरी पोथी चालू आसली म्हंजे खालची ठकठक कुनाला ऐकू येनार न्हाई.”

“आणि खाली कोण?”

“खाली मी.”

मी त्यांच्याकडं बघितलं. “दहा हातांच्या पुढं जाणार तुम्ही?” शिट्टी झाली. गाडीनं धक्का दिला. ते कंदील सावरत चार पावलं खिडकीबरोबर चालले.

“आन् वैनी,” ते म्हणाले, “लय मोठ्यानं वाचा. मला खाली आत ऐकू आलं पायजे.”