थांबावही

कॉम्प्युटरला नेमकं काय हवं आहे, हे ओळखणारा माणूस या जगात एकच जन्माला आला, आणि तो माझा साडू निघावा हे माझं नशीब. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जन्म पिशोर गावचा, घर शहरात सिडकोत आणि आयुष्य गेलं सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर शून्य. टाइपरायटर जाऊन टेबलावर कॉम्प्युटर आले तेव्हा साहेबलोक बिचकले आणि यांनी स्क्रू काढून आत डोकावून पाहिलं, एवढंच. तेव्हापासून सासरवाडीत कोणाचाही कॉम्प्युटर कुरकुरला की यांना बोलावणं जातं. हे येतात, आधी मशीनची विचारपूस करतात, मग माणसांची. मीही त्याच घरचा जावई, पदवीधर, पण मला कोणी स्क्रूसुद्धा धरायला देत नाही. हेवा वाटतो, हे सरळच सांगून टाकतो.

त्यांच्या खिशात पेनाशेजारी रंगकामाचा एक जुना ब्रश असतो. “दाजी, रॅम वाढवू का?” असं कोणी विचारलं की ते कॅबिनेट उघडून धूळ झाडायला बसतात. माझा मेव्हणा एकदा नवा कॉम्प्युटर घ्यायला निघाला होता, पायात चपलासुद्धा घातल्या होत्या. यांनी त्याला थांबवलं, मूठभर धूळ बाहेर काढली, डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला आणि म्हणाले, “याला काय बी नको. याचा जीव कोंडला व्हता.” मशीन सुतासारखं सरळ चाललं. त्या दिवशी सासूबाईंनी पुरणपोळीवर तुपाची धार धरली ती यांच्या ताटात. माझ्याही पोळीवर तूप होतं, नाही असं नाही. पण धार नव्हती.

त्यांचा सगळ्यात मोठा शोध म्हणजे थांबावही. हा शब्द त्यांचाच. कोणतीही नवी वस्तू घेण्याआधी आठ दिवस एक वही कॉम्प्युटरजवळ ठेवायची आणि त्यानं आपल्याला थांबायला लावलं की तेव्हा आपण काय करत होतो ते दिवसवेळेसकट लिहायचं. “रॅम म्हंजी ओटा, डिस्क म्हंजी माळा,” ते समजावतात. “माळ्यावरून डबा काढायलाच उशीर व्हत असंल, तर ओटा वाढवणं फिजूल. आधी कुठं थांबता ते लिहा, मग बाजारात जा.” लोक लिहितातही. ज्यांनी आयुष्यात वाण्याची यादी धड लिहिली नाही, ते थांबावही मन लावून लिहितात.

आमच्या घरचा कॉम्प्युटर म्हातारा झाला आणि पाळी माझ्यावर आली. मुलगी इंटिरियर डिझाइन शिकते. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, आणि मशीन हलायला तयार नाही. एके दिवशी ती म्हणाली, “बाबा, मी महिनाभर काकांकडंच राहून काम करते. त्यांचा कॉम्प्युटर कसला पळतो!” तूप गेलं ते मी सोसलं होतं. मुलगी जाऊ देणं मला जमणार नव्हतं. साडूंना कळवलं तर ते फोनवर केवढे खूश! “येऊ द्या की! लई झाक. पण आधी थांबावही लिहा, मंग मी येऊन बघतो.”

मुलीनं त्याच दिवशी वही लिहायला घेतली, पण मी कुठला आठ दिवस दम धरतोय? वही भरायच्या आतच औरंगपुऱ्याचा बाजार गाठला आणि दुकानातलं सगळ्यात थोराड ग्राफिक्स कार्ड उचललं. दुकानदार म्हणाला, “साब, ये डाले तो उडता देखो कम्प्यूटर.” घरी आणलं तर कार्ड कॅबिनेटपेक्षा लांब. जोर लावून बसवायला गेलो तर ते हार्ड डिस्कच्या जाळीत रुतलं, पुढे जाईना की मागे येईना. शिवाय त्याला वीज द्यायला लागणारी वायर आमच्या पॉवर सप्लायला नव्हतीच. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे पाय धरणाराच गाढव होता. साडूंना फोन केला.

ते येण्याआधी मी थांबावही उघडली. मुलीनं निळ्या पेनानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं: सॉफ्टवेअर उघडताना थांबले, फाइल उघडताना थांबले, सेव्ह करताना थांबले, तेवढ्यात चहा झाला. कार्डाचं काम पडद्यावर चित्र फिरवण्याचं, आणि वहीत त्याच्या बाजूनं एक अक्षर नाही. मग मी तिचंच पेन घेतलं आणि मधल्या रिकाम्या ओळींत दिवसवेळेसकट चार नोंदी घातल्या: चित्र फिरवताना थांबले.

साडूंनी वही शांतपणे वाचली. मग मला गॅलरीत नेऊन हळूच म्हणाले, “साडूबुवा, रविवारी दुपारी चित्र कुणी फिरवलं? रविवारी दुपारी पोरगी आमच्याकडं जेवत व्हती.” मी कुंडीतली वाळकी पानं खुडायला लागलो. आत येऊन ते मुलीला म्हणाले, “तुझ्या बाबांनी कार्ड नामी आणलंय. पण ह्या जुन्या डब्याला ते झेपायचं नाय.” मग ब्रश निघाला, रुतलेलं कार्डही निघालं. दुकानदाराशी त्याच्याच बोलीत गोड बोलून कार्डाच्या बदल्यात एक एसएसडी, म्हणजे नवा चपळ माळा, आणि रॅमची एक पट्टी आली. चहाचे दोन कप होईपर्यंत आमचा म्हातारा पळायला लागला. मुलगी टाळ्या पिटत म्हणाली, “काका, आता तुमच्याकडं यायची गरजच नाही!”

“व्हय, आता कशाला,” ते हसून म्हणाले आणि बराच वेळ ब्रश पुसत बसले.

त्यांना मूलबाळ नाही. माझ्या मेहुणीनं आतली खोली झाडून, नवी चादर घालून ठेवली होती आणि यांनी कॉम्प्युटरजवळ मुलीसाठी टेबललॅम्प लावला होता, हे बायकोनं मला ते गेल्यावर सांगितलं. “याच्यात आता काय राहिलं नाय,” एवढं एक वाक्य ते बोलले असते, तर कोणीही शंका घेतली नसती आणि मुलगी महिनाभर त्यांच्या घरी राहिली असती. त्यांनी मशीन दुरुस्त केलं. त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे वहीतल्या माझ्या चार नोंदींवरून कोणालाही कळेल. इतकी वर्षं मला वाटत होतं की हेवा करण्याचं काम सासरवाडीनं एकट्या माझ्यावरच सोपवलंय.

पुढच्या रविवारी मी स्वतःच मुलीला सिडकोत सोडून आलो. “संध्याकाळी न्यायला येतो,” म्हणालो. जिना उतरताना वरून तिघांचं हसणं ऐकू आलं आणि हेवा वाटलाच. घरी पोचल्यावर फोन केला आणि सांगितलं, राहू द्या तिला, मी उद्या येईन.