पायांची राखण

आईच्या माहेरचा, कडावचा माणूस आमच्या खालापूरच्या घरी आला तो अंगणातच उभा राहिला. "ताई, दत्तू सुटला," एवढंच आईला म्हणाला आणि आल्या पावली परत गेला. माझे मामा वारले त्याला आता महिना होऊन गेला. भावकीत ज्यानं त्यानं हाच शब्द वापरला... सुटला.

मामांना महारोग होता. विशीतच त्यांची बोटं बधिर झाली, मग तळपाय. ठरलेलं लग्न मोडलं आणि घरच्यांनी शेताच्या कडेला त्यांना झोपडी घालून दिली. भाऊ बांधावर भाकरी ठेवून जाई. कडू कवठीच्या तेलाची इंजेक्शनं घ्यायला मामा काही वर्षं मुंबईच्या एका दवाखान्यात जात. रोग हटला नाही, पण तिथल्या डॉक्टरांनी त्यांना एक गोष्ट शिकवली : तुझ्या पायांना आता दुखत नाही, तेव्हा दुखण्याचं काम डोळ्यांनी करायचं. शेताची करावी तशी पायांची राखण करायची. मामांनी ते व्रतासारखं धरलं. सकाळी उन्हात बसून एकेक पाय मांडीवर घ्यायचे, टाचा, बोटांच्या बेचक्या निरखायचे, पाय पाण्यात भिजवून खोबरेल चोळायचे. तव्याला हात लावायचा तो जाड फडकं धरून. वहाणासुद्धा खिळा न मारता दोऱ्यानं शिवलेल्या. लढाईच्या दिवसांत कापड मिळेनासं झालं, तेव्हा आई तिची जुनी लुगडी फाडून पट्ट्या नेऊन द्यायची.

बाजाराच्या दिवशी मामा खालापूरला येत ते सौद्यासाठी नव्हे. बाजाराच्या कडेला त्यांच्यासारखे रोगी भीक मागत बसलेले असत, त्यांच्यात जाऊन बसत आणि पाय कसे बघायचे ते शिकवत. चौक गावचा रघू, एकेकाळचा गाडीवान, हसायचा. "दुखत नाय तं कशाला बघू, दत्तू?"

"दुखत नाय म्हणूनच बघायचं रं!" मामा कळवळून सांगत.

रघूनं बघितलं नाही. पुढं त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात तो गेला. बाकीच्यांनी ऐकलं, थोडे दिवस केलं, सोडलं. ज्याला कुणी दारात उभं करत नाही, त्यानं पाय तरी कुणासाठी जपायचे?

मामा मात्र जपत राहिले. आणि मग रोग डोळ्यांत उतरला. पापण्या मिटेनात. धूळ जाई, बुबुळं चिघळली. हळूहळू दिसायचं बंद झालं. राखणदारच गेला... त्यानंतर आई रविवारी बैलगाडीनं कडावला जाऊ लागली. त्यांचे पाय उजेडाकडे वळवून बघायची.

"अक्का, बघ गं. काय हाय का?"

"काय नाय रं. साफ हाय."

गावात दुसरं कुणी त्यांच्या पायाला हात लावणारं नव्हतं. माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा वडिलांनी आईचं जाणं बंद केलं. सोयरिकीच्या माणसांच्या कानावर गेलं तर मुलगी घरातच राहील, म्हणाले. आई रडली, पण थांबली. माझं लग्न पार पडलं आणि ती पुन्हा कडावला गेली, तेव्हा मामांच्या डाव्या पायाची बोटं उंदरांनी कुरतडली होती. झोपेत त्यांना काही कळलं नव्हतं. जागेपणी तरी कुठं कळणार होतं?

आई पाय हातात धरून बसून राहिली.

"अक्का, गप का झालीस?"

"काय नाय रं. साफ हाय."

"खोटं बोलू नको. तुझा हात कळत नाय मला, पण आवाज कळतो."

पायातलं विष तोवर वर चढलं होतं. ताप उतरलाच नाही. ते गेले त्याच संध्याकाळी भावकीनं झोपडी अंथरुणापांघरुणासकट जाळली. आईला तिथली एक वस्तूही उचलू दिली नाही.

मी सध्या माहेरी आहे. परवा चुलीतलं लाकूड सारताना माझं बोट पोळलं. मी ओरडून हात झटकला. आई भाकरी थापत होती. हल्ली घरात कुणालाही लागलं, खुपलं की ती एकच विचारते.

"दुखतंय ना गं?"

"हो, फार."

"मग बरं हाय," आई म्हणाली, आणि माझ्याकडं न बघता भाकरी थापत राहिली.