गावाच्या पायरीवरचं मिडलवेअर

२०१६ साली डहाणूतल्या एका छोट्या संस्थेसाठी मी वेब अॅप्लिकेशन बनवत होतो. पाड्यापाड्यांवरच्या मुलांची वजनं कार्यकर्त्यांनी टॅबवर भरायची, एवढंच काम. पानांच्या URLची, म्हणजे वेब-पत्त्याची, रचना मी इथल्या पत्त्यासारखीच केली: तालुका, त्याच्या पोटात गाव, गावाच्या पोटात पाडा, पाड्याच्या पोटात मूल. गावाच्या पायरीवर मिडलवेअर बसवलं, म्हणजे पान उघडण्याआधीची तपासणी. पान उघडणारी कार्यकर्ती या गावाची आहे का? नसेल तर तिथूनच परत. एकदा लिहिलं की खालच्या सगळ्या पानांना आपोआप लागू. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

तालुक्याच्या हद्दीवरच्या एका कार्यकर्तीचा फोन आला. एका पाड्याचं पान उघडत नाही म्हणाली. सकाळपासूनचा तो पाचवा फोन होता आणि माझं डोकं फिरलेलं होतं. ‘तुमच्या गावाचं उघडतंय ना? मग तिथंच भरा,’ असं म्हणून मी फोन ठेवला. तिने तसंच केलं.

महिनाअखेरीस तिच्या गावाच्या यादीत अकरा मुलं वाढलेली दिसली. बैठकीत संस्था चालवणाऱ्या ताईंनी तिला सरळ विचारलं, घरी बसून मुलं रचलीस का? तसं असेल तर काम बंद. ती शांतपणे सांगू लागली. तो पाडा कागदावर शेजारच्या तलासरी तालुक्यातल्या गावाचा, पण त्या गावाच्या आणि पाड्याच्या मध्ये ओढा आहे. पावसाळ्यात तिकडून कोणी येत नाही. तिच्या घरापासून मात्र तो जवळ, म्हणून कितीतरी वर्षं तिथली वजनं तीच करते. कोणी सांगितलं नव्हतं आणि कुठे लिहिलेलंही नव्हतं.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. फोनवरचं माझं वाक्य मला लख्ख आठवत होतं. पण पाचच मिनिटांपूर्वी मी छाती फुगवून म्हणालो होतो की सॉफ्टवेअर चुकत नाही. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. त्याची लाज आजही वाटते.

मुलं खरी आहेत हे दाखवायला ताईंनी तिला आठवड्याची मुदत दिली. आठवड्याने, ऑक्टोबरच्या उन्हात, ती अकराही मुलांना आणि त्यांच्या आयांना घेऊन आली. डांबरी रस्त्यापर्यंत चालत, पुढे जीपने. मुलं व्हरांड्यात ओळीने बसली, धुळीने पाय पांढरे झालेले. मला आत बसवेना. ताईंकडे जाऊन सांगितलं की तिथं भरायला मीच सांगितलं होतं, आणि तपासणीही माझीच चुकली आहे. त्या मला खूप बोलल्या. तिचं काम राहिलं.

दुपारी मी तपासणी गावावरून पाड्यावर आणायला घेतली. त्यासाठी कोण खरोखर कुठे जातं हे हवं होतं, म्हणून पहिल्यांदा तिलाच विचारलं. तिने बोटांवर मोजत चार पाडे सांगितले. मी लिहून घेतले.

‘हे आधी विचारलं असतं ना भाऊ,’ ती म्हणाली, ‘तर पोरांना एवढ्या उन्हातून आणायला लागलं नसतं.’