यादीतली ताई

"कर्ज असलेला माणूस खुर्चीत बसत नाही, नुसता टेकतो," असं कुशनवाला एकदा म्हणाला होता.

समोरचा शिंपी लगेच म्हणाला, "म्हणजे तुझा धंदा बुडालाच. खुर्च्या झिजायच्याच नाहीत." दोघं खूप हसले. त्या वेळी कुशनवाल्यावर कुणाचं देणं नव्हतं.

त्याचं दुकान म्हणजे एका तीनमजली इमारतीच्या जिन्याखालची लांबट खोली. वरून माणसं चढत-उतरत, तेव्हा त्याच्या डोक्यावर पावलं वाजत. भिंतीला रेक्झिनच्या गुंडाळ्या टेकवलेल्या, कोपऱ्यात काथ्याचा ढीग, दाराशी पायानं चालवायचं शिलाई मशीन. जुना सोफा उसवला की त्यातून एका घराचा वास बाहेर पडायचा. औषधांचा, सांडलेल्या दुधाचा, एकमेकांशी न बोलता काढलेल्या संध्याकाळींचा. सोफा कुठे दबलाय हे पाहून तो सांगायचा, "तुमच्याकडे कुणीतरी सारखं खिडकीकडे तोंड करून बसतं." ते खरं निघायचं आणि गिऱ्हाईक उगाच ओशाळायचं.

काम करताना तो बारीक खिळ्यांची मूठ तोंडात टाकायचा. जिभेनं एक-एक खिळा ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकाच्या टोकाला तो चिकटवायचा आणि ठोकायचा. या सगळ्यात डोळे कापडावरच. तोंडात खिळे असले की कुशनवाल्याशी बोलायचं नाही, हे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं. एरवी मात्र तो बोलका होता. शिंपी म्हणायचा, "खिळे आहेत म्हणून काम होतंय, नाहीतर हा नुसता बोलतच बसला असता."

मग सिनेमागृहाच्या खुर्च्यांचं काम आलं. चौकातल्या जुन्या सिनेमागृहाच्या मालकाला सगळ्या खुर्च्या नव्यानं मढवून हव्या होत्या. एवढं मोठं काम कुशनवाल्यानं जन्मात घेतलं नव्हतं. फोमसाठी त्यानं बँकेचं कर्ज काढलं. ते पुरेना म्हणून क्रेडिट कार्डावर पैसे उचलले. लाल रेक्झिन त्याच्या जुन्या मित्रानं, रेक्झिनच्या व्यापाऱ्यानं, उधारीवर दिलं. आणि राहिलेलं ताईनं दिलं.

ताई म्हणजे मोठी बहीण. आई गेली तेव्हा तो पाटी-दप्तराच्या वयाचा होता. ताईनं स्वतःची शाळा सोडून त्याला वाढवलं होतं. आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलाकडे राहत होती. तिनं आपली मुदत ठेव मोडली आणि पैसे त्याच्या हातात ठेवताना म्हणाली, "व्याज म्हणून रविवारी येत जा. बाकी मी काही मागत नाही, बाळ्या." बाळ्याचे केस तेव्हा पांढरे होऊ लागले होते.

निम्म्या खुर्च्या झाल्या आणि सिनेमागृहाला टाळं लागलं. मालकानं हात वर केले. लाल खुर्च्यांची रास दुकानात तशीच राहिली. दोन खुर्च्या त्यानं दाराबाहेर ठेवल्या. त्यावर बसून गल्लीतली माणसं सिनेमा बघितल्यासारखी रस्ता बघत.

फोन सुरू झाले. बँकेचा, कार्डवाल्यांचा. तो सगळ्यांशी बोलायचा, गयावया करायचा, थोडं थोडं भरायचा. रविवारी ताईकडे जाणं मात्र त्यानं सोडलं नाही.

जाहिरात बायकोला दिसली. सगळी कर्जं एकाच हप्त्यात, बाकी आमच्यावर सोडा. कंपनीचं ऑफिस एका नव्या इमारतीत होतं. आत गार हवा, फुलांचा वास, भिंतभर काच. बायको हळूच म्हणाली, "किती स्वच्छ आहे. माणसं चांगली असणार."

कुशनवाला सोफ्यात अंगठा दाबून बघत होता. "आत तुकड्यांचा फोम भरलाय. वरचं कापड तेवढं भारी."

"तुम्ही सोफा घ्यायला आलाय का? हात काढा तो."

सल्लागार मॅडम त्याच्या मुलीच्या वयाची. बोलणं मऊ. "काका, आता तुम्ही निवांत व्हायचं. दर महिन्याला हप्ता आमच्याकडे भरायचा. सुरुवातीचे हप्ते आमच्या फीमध्ये जातात, पण नंतर बघा कसं झरझर होतं. आणि एकच पथ्य. ज्यांचं देणं आहे त्यांच्याशी आता तुम्ही बोलायचं नाही. फोन आला, उचलायचा नाही. पत्र आलं, न फोडता इकडे आणायचं. तुम्ही एक शब्द बोललात की आमची वाटाघाट बिघडते. जमेल ना?"

"जमेल," तो म्हणाला. तोंड बंद ठेवण्याची त्याला सवय होती. फी म्हणजे हप्त्यातला एखादा घास असेल, अशी त्याची समजूत झाली. झरझर हा शब्द त्याला फार आवडला होता.

"आता सगळी नावं सांगा. काही लपवायचं नाही हं."

त्यानं बँक सांगितली, कार्ड सांगितलं, व्यापारी सांगितला. मग जरा थांबून म्हणाला, "आणि ताई."

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. "अहो, ताईंचं कशाला?"

"देणं ते देणं. त्यांनी विचारलंय, तर खोटं कसं सांगू?"

"लिहूया की," मॅडम म्हणाली. "सगळं एका छत्राखाली असलेलं बरं." एकूण कर्ज जेवढं मोठं, तेवढी कंपनीची फी मोठी, हे गणित त्या दोघांना ठाऊक नव्हतं. मॅडमला अर्थातच ठाऊक होतं.

त्या दिवशी घरी येताना त्याचा जीव भांड्यात पडला होता. तो रस्त्यात शीळ घालत होता.

पथ्य त्यानं कडक पाळलं. फोन वाजला की तो त्याच्याकडे आजारी मांजराकडे बघावं तसा बघत बसे. पत्रं जमवून न फोडता नेऊन देई. रेक्झिनचा व्यापारी स्वतः दुकानात आला, तेव्हा तो म्हणाला, "मला बोलता येणार नाही. कंपनीशी बोल."

"कंपनी? कुठली कंपनी? अरे, आपण एका ताटात जेवलोय."

"यादीत नाव आहे तुझं."

व्यापाऱ्यानं चपला पायात सरकवल्या. "बरं," म्हणाला, "माझ्या दुकानात यायचं झालं तर आता कंपनीलाच पाठव." त्यानंतर त्यानं उधारीवर हातभर कापडही दिलं नाही. दुसरीकडे रोख द्यावी लागे आणि रोख तर हप्त्यात जात होती. कामं कमी झाली. हप्ता मात्र एकदाही चुकला नाही.

रविवारी तो घरातच बसू लागला. संध्याकाळी फोन वाजायचा.

"अहो, ताईंचा आहे."

"उचलू नको."

"ताई म्हणजे काय बँक आहेत का?"

"यादीत आहे ती. सगळं फिटू दे, मग ताठ मानेनं जाईन. पहिला तिच्याकडेच जाईन."

बायको फोन उचलून सांगायची, "बाहेर गेलेत हो ताई." आणि समोर बसलेल्या नवऱ्याकडे पाठ फिरवून उभी राहायची. पुढे पुढे तीही उचलेना. खोटं तरी किती रविवार बोलणार?

एप्रिलमधल्या एका दुपारी ताई दुकानात आली. ती बसनं आली होती, दम लागला होता, रंग उतरला होता. कुशनवाला शाळेच्या खुर्च्या मढवत होता. ती रस्ता ओलांडताना त्यानं पाहिली, आणि डबीतले खिळे मूठभर तोंडात टाकले. नेहमीपेक्षा जास्त. गाल फुगले.

ताई दारातल्या लाल खुर्चीवर बसली. तिला खुर्चीची घडी उलगडावी लागली. "सिनेमा कुठला लागलाय रे?" तिनं विचारलं आणि स्वतःच हसली.

त्यानं एक खिळा ठोकला.

"वाळलास. बायको काही खायला घालत नाही का?"

ठोक.

"मला डॉक्टरनं तपासणी सांगितलीय. मुलाला रजा नाही. म्हटलं तू येशील का बरोबर. तिथे बसून राहायचं असतं नुसतं. एकटीला नको वाटतं."

त्यानं मान वर केली नाही. घशातून "हं" असा काहीतरी आवाज आला. तो होकार होता की नकार, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"ते खिळे काढ की जरा तोंडातले."

हातोडी पडत राहिली. ती काहीतरी ऐकायची वाट पाहत असल्यासारखी बसली होती. ती पैशांचं काढील, या भीतीनं त्याची मान ताठली होती. तिनं पैशांचं नावही काढलं नाही. वर जिन्यावरून कुणीतरी उतरलं, मग सगळं शांत झालं. ताई उठली. खुर्ची आपोआप मिटली आणि खट्ट वाजली.

"कामात आहेस. राहू दे."

ती गेल्यावर त्यानं खिळे हातावर ओकले. जीभ लोखंडासारखी झाली होती. तो कोपऱ्यापर्यंत धावला, पण बस निघाली होती. परत आल्यावर समोरून शिंप्यानं विचारलं, "बहीण होती ना तुझी? भांडलास का?"

"नाही रे. नियम आहे तसा."

"बहिणीशी न बोलायचा? कुणी केला?"

त्यानं आत जाऊन हातोडी उचलली.

जूनमध्ये बँकेची माणसं दुकानात येऊन मशीनवर जप्तीचा कागद चिकटवून गेली. बायको त्याला ओढतच बँकेत घेऊन गेली. अधिकारी तसा बरा माणूस होता. त्यानं संगणकात पुन्हा पुन्हा पाहिलं. "तुमच्या नावावर वर्षभरात एक पैसा जमा नाही. दंडाचं व्याज लागत गेलंय."

"कंपनी भरते ना!"

"कुठल्या कंपनीनं आम्हाला काही दिलेलं नाही. पत्रंही पाठवली तुम्हाला आम्ही. किती फोन केले. तुम्ही सुरुवातीला नुसतं येऊन बसला असतात ना, तर आम्हीच हप्ता कमी करून दिला असता. त्याला काही पैसे पडत नाहीत."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "आता तरी ताईंकडे चला."

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

आधी नियम होता, आता लाज होती. रविवार पुन्हा तसाच गेला. त्यानंतरच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला आणि या वेळी बायकोनं तो उचलला. तपासणीला उशीर झाला होता. ताई दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही.

ते पोचले तेव्हा दार उघडं होतं आणि माणसं भिंतीला टेकून उभी होती. भाचा पुढे आला. रडून त्याचा चेहरा सुजला होता. म्हणाला, "या मामा. आता बोलायला हरकत नाही. ती काही मागणार नाही."

कुशनवाला ताईजवळ बसला. तोंड उघडायचा त्यानं प्रयत्न केला. काय बोलायचं ते सगळं त्याच्याकडे होतं, वर्षभर साठवलेलं. पण शब्द एक-एक करून ओठांवर यायची सवय मोडली होती.

त्यानंतर काही दिवसांनी तो एकटाच कंपनीत गेला. तोच फुलांचा वास. मॅडम उठून उभी राहिली. "काका! बऱ्याच दिवसांनी. बसा ना."

तो बसला. टेकला नाही, पूर्ण अंग सोडून बसला, तेव्हा सोफ्यानं त्याला खालपर्यंत आत घेतलं.

"बँकेत काही भरलेलं नाही म्हणतात."

"काका, सुरुवातीचे हप्ते फी असते, मी सांगितलं होतं तुम्हाला. मग निधी जमतो, मग तडजोड." तिनं संगणकाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम खुलला. "पण काहीच झालं नाही असं नाही हं. हे बघा, तुमचं एक खातं आम्ही पूर्ण मिटवलंय. शंभर टक्के माफी! असं कधी होत नाही. आम्ही ऑफिसात टाळ्या वाजवल्या होत्या."

"कुणाचं?"

"बहिणीचं. आमच्या ऑफिसातल्या मुलानं फोन केला होता त्यांना. निम्म्यावर सोडा म्हणाला. तर त्या म्हणाल्या, निम्मं कशाला, मला काहीच नको. फक्त त्याला सांगा, ताईनं सगळं सोडलंय, आता फोन उचल."

"हे कधी?"

"मार्चच्या सुरुवातीलाच."

त्याला ती दुपार दिसली. दारातली लाल खुर्ची, दम लागलेली ताई, काहीतरी ऐकायची वाट पाहणारा तिचा चेहरा. ती आली तेव्हा मार्च उलटून गेला होता.

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"'सांगतो' म्हणालो होतो आम्ही त्यांना. नोंद आहे इथे." मॅडम जरा चाचरली. "राहून गेलं असेल, काका. एवढे ग्राहक असतात. आणि वाटाघाट चालू असताना आम्ही बोलणं टाळायलाच सांगतो ना." मग तिनं आवाज पुन्हा मऊ केला. "फक्त एक आहे. जेवढी माफी मिळते, त्यावर आमचा वाटा असतो. तो पुढच्या हप्त्यात लागून येईल. पण केवढं वाचलं बघा तुमचं! मोठं मन आहे हो त्यांचं. आमच्याकडूनही थँक्यू सांगा त्यांना."

कुशनवाल्याचे ओठ मिटले, आतून काहीतरी घट्ट धरल्यासारखे. गाल थोडे हलले. तो दोन्ही हातांनी सोफ्याची कड धरून उठला. त्याच्या बसण्याचा खड्डा सोफ्यात तसाच राहिला. आतले तुकडे वर आले नाहीत.

"काका, पाणी तरी घ्या."

त्यानं काचेचं दार ढकललं आणि तो बाहेर गेला.