आप्पा कुणाच्या मागे गाडी चालवत नाहीत

बाळांनो, आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या आप्पांइतका सावकाश गाडी चालवणारा माणूस सबंध कर्नाटकात नसेल, आणि कोगनोळीचा नाका ओलांडून पलीकडे महाराष्ट्रात शोधलात तरी मिळणार नाही. गंमत म्हणजे हे आप्पा पोलीस खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. निपाणीच्या हायवेवर मोटारसायकलींच्या शर्यती लावणाऱ्या पोरांमागे जीप घालायची, हेच त्यांचं काम. पाठलाग मात्र नाक्यापर्यंतच. पलीकडे राज्य दुसरं. पोरं नाका ओलांडून थांबायची आणि तिथून यांना हात करायची. "मग तुम्ही काय करायचात?" मी एकदा विचारलं. "मीबी हात करायचो, बाई. वळखीची झालती न्हवं!"

आता त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीचा काटा विसाच्या पुढे जात नाही. येळ्ळूरला जाताना एक वरात आम्हाला मागे टाकून गेली, बँडसकट. नवरदेवाने घोड्यावरून माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. तेही मी सोसलं असतं. पण आप्पांचा दुसरा नेम विलक्षण आहे. ते कुणाच्या मागे गाडी चालवत नाहीत. पुढे मोटारसायकल दिसली की गाडी कडेला, इंजिन बंद, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत खिशातले शेंगदाणे खायचे. बेळगावात पुढे मोटारसायकल नाही असा रस्ता कुठे आहे? डोळ्यांच्या डॉक्टरांनी अकराची वेळ दिली होती, आम्ही पोचलो पावणेएकला. डॉक्टर जेवायला गेले होते. परतताना पुन्हा गाडी कडेला लागली तेव्हा मी, शिस्तीची बाई, अखेर चिडले. "आप्पा, तो पुढचा मुलगा तुमचं काही घेऊन पळतोय का?"

आप्पांनी शेंगदाण्यांची पुडी गुंडाळली. "तवाबी कायबी घेऊन पळत न्हवता, बाई."

मग त्यांनी एका दुपारची गोष्ट सांगितली. शर्यतीतला एक पोरगा पुढे, मागे यांची जीप, आणि शेजारी बसलेले साहेब ओरडत होते, "सोडू नको!" पुढे उसाची ट्रॉली वळत होती. "ती त्येला दिसली असती. रस्ता मोकळाच व्हता. पण त्यो मागं बघत व्हता, मी किती जवळ आलोय ते." आप्पांनी पुडी खिशात टाकली. "हात करणाऱ्यातलाच व्हता, बाई. गुन्हा काय, तर गाडी जोरात. पावती फाडून सोडला असता."

गाडी सुरू झाली, आणि चौकात पुन्हा एक मोटारसायकल पुढे आली. चालवणाऱ्याने आरशात पाहिलं. आप्पांनी गाडी कडेला घेतली. मी हातातलं घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं आणि शेंगदाण्यांसाठी हात पुढे केला.

रोहन, तू परवा नव्या गाडीचा पळता काटा दाखवणारा व्हिडिओ पाठवलास. चष्मा लावून तो आकडा मी दोनदा पाहिला. आप्पा दर रविवारी फाटकाशी येऊन विचारतात, "नातू सावकाश चालवतोय न्हवं?" तुमचे परीक्षेतले गुणसुद्धा मी कधी वाढवून सांगितले नाहीत, पण यावर मी "व्हय" म्हणते. तेवढ्यानेच त्यांचा चेहरा खुलतो. व्हिडिओ त्यांना दाखवलेला नाही. एखाद्या रविवारपासून माझं ते "व्हय" खरं होऊ दे.