बेचाळीस, किसनचं विमान

कुणाच्या नावाने रस्ता असतो, कुणाच्या नावाने चौक असतो. किसन पाष्ट्याच्या नावाने हाउजीतला एक आकडा होता. तो आकडा पुकारला गेला की किसनच्या कपाळाला आठ्या पडत.

किसन मूळचा खेडकडचा. दुबईत अल क्वोजच्या एका वर्कशॉपमध्ये सुतार होता. हात सफाईदार आणि तोंड फटकळ. कामगारांच्या कॅम्पच्या मेसमध्ये सुट्टीच्या संध्याकाळी हाउजी चालायची. पैसे लावायची सोय नव्हती, इथल्या कायद्यात ते बसत नाही. त्यामुळे तिकिटं फुकट आणि बक्षीस म्हणजे तेलाचा कॅन, नाहीतर कुकर. आकडे पुकारायचा सोमनाथ, आणि हा गडी कोरडा आकडा म्हणून कधी पुकारायचा नाही. 'दोन, वरची खाट खालची खाट.' 'पन्नास, जुलैची दुपार.' 'सत्तावीस, मिथुनचा डबा', कारण सत्तावीस नंबरच्या बसमध्ये मिथुनने एकदा भलत्याचाच डबा उचलला होता आणि साइटवर बसून मुकाट्याने कारलं खाल्लं होतं. शेवटचा आकडा 'नव्वद, खलास!'

आणि 'बेचाळीस, किसनचं विमान!' असं सोमनाथ ओरडला की अख्खी मेस हात पसरून 'भुर्रर्र' करायची. सुरुवातीला किसन शिव्या द्यायचा. मग त्याने हाउजीच सोडली, तर लोक त्याच्या खोलीच्या दारात येऊन भुर्र करू लागले. आता याला काय म्हणायचं?

त्या विमानाची गोष्ट अशी. आठ वर्षांपूर्वी किसनला मुलगी झाली. तो रजेवर येणार म्हणून घरच्यांनी बारसं पुढे ढकललं होतं. ज्या संध्याकाळी विमान होतं, त्याच दुपारी ऊद मेथाच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, आणि फुल हाउसचं, म्हणजे ज्याचे सगळे आकडे आधी कटतील त्याचं, बक्षीस होतं मुंबई-दुबई-मुंबईचं विमानाचं तिकीट. किसन बॅग घेऊनच हॉलवर गेला. तिथून परस्पर एअरपोर्टला जायचं ठरलं होतं. शेवटी त्याचा एकच आकडा राहिला, बेचाळीस. बाहेर मिथुन टॅक्सी थांबवून घसा फोडत होता. "आलो, एकच राहिलाय," असं म्हणत किसन बसला तो बसलाच. तिकीट दुसऱ्याला लागलं. तिथेही पुकारायला सोमनाथच होता; खेळ संपल्यावर त्याने सहज पिशवीत हात घातला, तर हाताला बेचाळीसच लागला. तिकडे विमान उडालं. विमानाच्या तिकिटापायी विमान चुकवणारा माणूस पब्लिकला दुसरीकडे कुठे मिळणार? त्या दिवसापासून आकड्याला नाव चिकटलं.

गावी बायकोला त्याने सांगितलं की कंपनीने ऐन वेळी रजा कापली. सुपरवायझरने त्याची रजा खरंच दुसऱ्याला दिली, पण ती विमान चुकल्यावर. पुढची रजा मिळेपर्यंत पोर चालायला लागली होती.

आणि यंदा बायको आशा आणि पोर इरा व्हिजिट व्हिसावर आल्या. बर दुबईत एका ओळखीच्या घरात पार्टिशनची खोली मिळाली. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी मिथुन आमंत्रण घेऊन उगवला. "वहिनी, मंडळाची हाउजी आहे ऊद मेथाला. फुल हाउसला विमानाचं तिकीट! यायचंच." आशाचे डोळे लकाकले. मिथुनचा गळा दाबावासा किसनला वाटला.

तो तडक सोमनाथकडे गेला. "त्या दिवशी बेचाळीस नुसता पुकारायचा. चार दोन बेचाळीस. पुढचं शेपूट नको."

"हबीबी, नाव काय मी ठेवलंय? पब्लिकने ठेवलंय," सोमनाथ म्हणाला. "इंग्रज लोक हाउजीत नवाला डॉक्टर म्हणतात, का माहितीये? त्यांच्या पलटणीत काहीही दुखलं तरी डॉक्टर नऊ नंबरची गोळी द्यायचा म्हणे. पलटण गेली, गोळी गेली, नाव राहिलं. तुझं विमान मी कसं उतरवू?"

"मला पलटणीच्या गोष्टी सांगू नको! बायको येतेय माझी."

सोमनाथने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तिला अजून सांगितलं नाहीस?"

"नाही ना!"

"बरं. इन्शाल्ला, नुसता पुकारीन."

"इन्शाल्ला नको, हो म्हण!"

"हो, बाबा, हो."

एवढ्यावर किसनचं समाधान झालं नाही. तो कॅम्पमध्ये खाटेखाटेपाशी गेला, हात जोडले, धमक्या दिल्या, मिथुनला तर इराच्या गळ्याची शपथ घालायला निघाला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. एका थापेसाठी माणसाला किती जणांच्या विनवण्या कराव्या लागतात, याचा त्याला मनस्वी वैताग आला. स्वतःचा वैताग यायला हवा होता, पण तो एवढ्या लवकर येत नसतो.

हॉलमध्ये आशा तिकीट मांडीवर घेऊन बसली, पेन उघडून. तिचे आकडे एकामागून एक कटत गेले. लाइनची बक्षिसं इतरांनी नेली. खेळ फुल हाउसवर आला, तशी आशा पुढे सरकली. "इरा, बघ गं, एकच राहिलाय."

किसनने वाकून पाहिलं. बेचाळीस! एवढ्या तिकिटांत त्या मेल्या आकड्याला हेच सापडलं.

कॅम्पवाल्यांनी एकदम छताकडे बघायला सुरुवात केली. पण शेजारच्या खुर्चीवर मंडळाच्या सुमेधाबाईंची मुलगी अस्मी होती, इराच्याच वयाची, आणि तिला कुणी शपथ घातलेली नव्हती. ती इराच्या खांद्यावरून डोकावली आणि किंचाळली, "फॉर्टी टू! दॅट्स किसन अंकल्स प्लेन! ही वॉज प्लेइंग हाउजी अँड द प्लेन लेफ्ट!"

"कसलं प्लेन?" आशाने विचारलं.

"अय्या, तुम्हाला माहीत नाही?" सुमेधाबाई हसत म्हणाल्या. "आमच्याकडे फेमस जोक आहे हा." आणि त्यांनी बॅगेपासून टॅक्सीपर्यंत सगळं रंगवून सांगितलं. किसन त्यांना खुणा करत होता, त्या खुणा म्हणजे भुर्रची नक्कल असं वाटून त्या आणखीच हसल्या.

आशा हसली नाही. "बारशाच्या वेळचं हे?"

"हं."

"कंपनीने रजा कापली म्हणालात."

"अगं, एकच आकडा राहिला होता! ते तिकीट लागलं असतं तर तुला इकडे आणलं असतं. तुझ्यासाठीच बसलो होतो ना मी!" हे तो असा खेकसला, की चूक जणू तिचीच होती.

"तुमचा भाऊ खेडच्या स्टेशनवर उभा होता," आशा हळूच म्हणाली. "येणारी प्रत्येक गाडी बघत होता. पाळणा सजवून बायका खोळंबल्या होत्या. पोरीचं नाव ठेवायला पोचला नाहीत, आणि इथे आकड्याला स्वतःचं नाव लावून घेतलंत."

तिने पेनाला टोपण लावलं, तिकीट खुर्चीवर ठेवलं आणि इराचा हात धरून उठली.

"अगं, बस की! एकच राहिलाय," किसन म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचे कान तापले.

"एक राहिला तरी उठता येतं," आशा म्हणाली. "असं."

ती खुर्च्यांमधून वाट काढत दाराबाहेर गेली. किसन चरफडत मागे निघाला. सुमेधाबाईंचा राग, त्या पोरीचा राग, मिथुनचा राग, लिफ्टपर्यंत जाताना सगळ्यांचे राग एकेक करून संपले, आणि मग रागवायला उरला तो स्वतःच.

आशाने लिफ्टचं बटण दाबलं. आतून माइकवर सोमनाथचा आवाज आला, "चार दोन, बेचाळीस." त्याने शब्द पाळला. पण पुढच्याच क्षणी अख्खा हॉल गरजला, "किसनचं विमान!" आणि मग लांबलचक भुर्रर्र.

"बाबा, आपलं आलं!" इरा उड्या मारू लागली. "पळा ना, पळा!"

पुढचा आकडा पुकारेपर्यंत हक्क सांगायला वेळ होता. सोमनाथ आतून विचारत होता, "फुल हाउस कुणाचं आहे का? कुणाचं आहे का?" रिकामी खुर्ची त्याला दिसली असणार, म्हणूनच तो मुद्दाम रेंगाळत होता. तिकीट तिथेच पडलेलं होतं. किसनचं एक पाऊल हॉलकडे वळलंसुद्धा.

लिफ्ट आली. आशा आत गेली. ती त्याला बोलावत नव्हती, दार धरूनही ठेवत नव्हती. नुसती बघत होती.

किसनने पाऊल मागे घेतलं आणि दार मिटता मिटता आत घुसला. आशाने इराला जवळ ओढलं आणि त्याच्यासाठी जागा केली.