कुटाराच्या ढिगातली केबल

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी देवळीच्या वाचनालयातून एकामागून एक गुप्तहेरकथा आणत असे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. काय वाचावं हे सांगणारं कोणी नव्हतं, आणि ग्रंथपाल बाईंनी कधी अडवलं नाही. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. त्या कथांतल्या शहरात ओल्या रस्त्यांवर रंगीत दिवे सांडलेले असत, चोर आणि फौजदार एका टेबलावर जेवत, आणि गुप्तहेर तेवढा विकला जात नसे. पत्ताकोबीला पाणी देता देता मी त्या शहरात हिंडून येई.

त्या हिवाळ्यात आमच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल आतल्या तांब्यासाठी चोरीला गेली. कोबीचे गड्डे नुकते भरत होते. पाणी मिळालं नसतं तर सगळं वावर हातचं गेलं असतं. ठाण्यात जमादार म्हणाला, "चोराचं नाव आणा, मंग लिहितो." त्याच्या शेजारी बसलेला आमच्या गावचा पोलीस पाटील चहा पिता पिता हसला.

"नाव मीच शोधतो," बाहेर आल्यावर मी बाबांना म्हणालो.

"पुस्तकातला साहेब झाला का रे? आपल्याले चोर नाई, केबल पाह्यजे."

बाबांनी गावाला जुनी रीत करायला लावली. दिवेलागणीला प्रत्येक घरानं टोपलंभर सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, फडक्यानं झाकून आणायचं आणि मारुतीच्या पारापाशी ओतायचं. कोणी कोणाच्या टोपल्याकडे पाहायचं नाही. ज्यानं वस्तू नेली, त्यानं ती कुटारातून परत करायची.

माणसं माना खाली घालून येत होती. मावळतीच्या उजेडात कुटाराची पिवळी धूळ तरंगत होती. पावलं, बांगड्या, भुशाची सळसळ. सारं गाव झोपेत चालल्यासारखं वाटत होतं. मग एक टोपलं धप्पकन रितं झालं. मी वर पाहिलं. पोलीस पाटील फडकं झटकत होता. बाबांनी हातानं माझी मान खाली दाबली.

ढीग उपसला. केबल निघाली, एका टोकाला थोडी सोललेली.

"बाबा, पाटीलच..."

"कान मलेही आहेत."

"मंग बोलत काऊन नाई?"

"बोललो, अन् तो म्हणाला खोटं आहे, त जमादार कोणाचं लिहीन?"

सकाळी केबल जोडून मोटार सुरू केली. कोबीच्या पानांवरून ऊन घरंगळत होतं, आणि पाणी दांडातून इतकं हळू येत होतं, की ते वाट विचारत येतंय असं वाटावं. तेवढ्यात धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, पाटील येऊन उभा राहिला.

"लागलं का पानी?"

"लागलं, पाटील," बाबा म्हणाले. "आजपासून खाट इथंच टाकतो म्हनतो. झोप कमीच आहे मले."

पाटील धुऱ्याधुऱ्यानं निघून गेला. बाबांनी फावडं माझ्या हातात दिलं, आणि मी पुढचा दांड फोडला.